भोंगा, बॉक्स आणि बेंजो: चालत्या बँडनं आपला आवाज कसा निवडला

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मधे तिसरं प्रकरण गाइडकडून लाल शाईनं माखून परत आलं, त्यामुळे ब्लॉग बाजूलाच पडला. आज त्याच प्रकरणातला एक तुकडा इथे सांगते. निमित्त आहे आमच्या गल्लीतली बेंजो पार्टी.

आम्ही विठ्ठलवाडीला राहतो. कल्याण सोडून कर्जतच्या दिशेला निघालात की पहिलंच स्टेशन. एका अंगाला कल्याण पूर्व, दुसऱ्या अंगाला उल्हासनगरचे कॅम्प. गल्लीच्या टोकाला एक काका राहतात, तीसेक वर्षं बेंजो वाजवतात. लग्नाची हळद, वरात, गणपती, चौदा एप्रिलची मिरवणूक, जिथली सुपारी येईल तिथे जातात. त्यांनी मला एका संध्याकाळी जिन्यात गाठलं.

"तू ते आवाजाचं काहीतरी शिकतेस ना गं? मग आम्हाला एवढं सांग, साउंड कुठला घेऊ?"

त्यांच्या पार्टीत सात जण. एक बेंजो, एक कीबोर्ड, एक ढोलकी, एक ताशा, दोन ढोल आणि ऑक्टोपॅडवर काकांचा मुलगा. आजवर साउंड भाड्यानं आणायचे. सुपारीच्या पैशातला मोठा हिस्सा साउंडवालाच घेऊन जायचा, म्हणून सगळ्यांनी मिळून साठ हजार बाजूला टाकले होते. मुलाचं म्हणणं, दोन मोठे बॉक्स घ्यायचे, बेस दणदणीत हवा. काकांचा त्याला विरोध नव्हता, पण एक गोष्ट त्यांना खात होती. बेस आला की ढोलाचा आवाज ऑक्टोपॅडमधूनच काढता येतो. मग दोन ढोलवाल्यांचं करायचं काय? त्यातला एक तर त्यांचा सख्खा पुतण्या.

मी चार वर्षं 'महाराष्ट्रातील मिरवणूक-संगीत आणि ध्वनिवर्धन' असल्या भारदस्त नावाखाली काम करतेय आणि त्या जिन्यात मला उत्तर देता आलं नाही. "बघून सांगते काका," म्हणून वर आले. वर येऊन टिपणं काढली तेव्हा लक्षात आलं, की काकांचा प्रश्न साधारण शंभर वर्षांचा आहे आणि दर वेळी त्याचं उत्तर वॅटमध्ये देऊन लोक मोकळे झालेत.

आधी बेंजोबद्दल, कारण नाव फसवं आहे. अमेरिकेतला बँजो म्हणजे चामडं ताणलेलं, गिटारसारखं धरायचं वाद्य. आपला बेंजो तो नव्हे. आपला म्हणजे लांबट लाकडी पेटी, तिच्यावर तारा आणि त्या तारा दाबायला टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटणं, उजव्या हातानं छेड. बुलबुल तरंग म्हणतात तो हाच. ह्याचं मूळ जपानमध्ये आहे. १९१२ साली नागोया शहरात मोरिता गोरो ह्यांनी 'ताइशोगोतो' नावाचं वाद्य बनवलं. सम्राट ताइशो त्याच वर्षी गादीवर आले, त्यांच्यावरून हे नाव. टाइपरायटरची बटणं पारंपरिक तंतुवाद्याला जोडायची ही त्यांची कल्पना. घरात बसून, कमी शिक्षणात, हलक्या आवाजात वाजवता यावं असं वाद्य होतं ते.

हलक्या आवाजात, हे लक्षात ठेवा. कारण हेच वाद्य आज कोळीवाड्यात आणि आगरी हळदीत अख्खी गल्ली नाचवतं. डोंबिवलीच्या रवी जाधवांनी २०१६ मध्ये रितेश देशमुखला घेऊन त्यावर 'बँजो' नावाचा हिंदी सिनेमाच काढला. बिनविजेचा बेंजो मात्र ढोल-ताशापुढे दहा फुटांवरसुद्धा ऐकू येत नाही. खोटं वाटत असेल तर कुठल्याही बेंजोवाल्याला पिकअपची वायर काढून वाजवायला सांगा. म्हणजे बेंजो पार्टी ही वस्तू साउंडशिवाय जन्मालाच आली नसती. ब्रास बँडचं तसं नाही. ट्रम्पेट, युफोनियम, साइड ड्रम ही वाद्यं मुळात पलटणीसाठी बनलेली, उघड्या मैदानावर ऐकू यावीत म्हणून. बेंजो पार्टीत मुख्य सूरच मुका आहे, त्याला तोंड मशीननं दिलं.

हे तोंड आलं कुठून?

लाउडस्पीकरची सुरुवात सांगताना पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम ह्या जोडीचं नाव घ्यावं लागतं. जेन्सन डेन्मार्कचे, काम कॅलिफोर्नियात. डिसेंबर १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी आपल्या यंत्रावरून गर्दीला नाताळची गाणी ऐकवली. यंत्राचं नाव मॅग्नाव्हॉक्स, लॅटिनमध्ये अर्थ मोठा आवाज. त्याला आपल्या ग्रामोफोनला असतो तसा कर्णा होता. म्हणजे भोंगा! पुढे १९२५ मध्ये राइस आणि केलॉग ह्यांनी कागदी कोनाचा, आज आपण ज्याला 'स्पीकर' म्हणतो तो, शोधला. पण भोंगा काही गेला नाही. का गेला नाही ते पुढे येतंय, आणि काकांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

आपल्याकडे ह्या गोष्टीचं मोठं नाव 'शिकागो रेडिओ'. स्वातंत्र्यलढ्यातले फोटो आठवा. नेहरू, पटेल, समोर माइक आणि माइकवर पाटी, शिकागो रेडिओ. नाव शिकागोचं, कंपनी मात्र मोटवाने ह्या सिंधी कुटुंबाची. ज्ञानचंद मोटवाने ह्यांनी १९०९ मध्ये सक्खरला धंदा सुरू केला, तिथून कराची, मग मुंबई. १९३१ च्या कराची काँग्रेसमध्ये, जिचे अध्यक्ष सरदार पटेल होते, त्यांची ध्वनियंत्रणा होती. पुढे कंपनीचा कारखाना नाशिक रोडला आला. माझ्या खिडकीतून उल्हासनगर दिसतं म्हणून असेल, पण ही गोष्ट मला नेहमी जवळची वाटते. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांना ठेवलं आणि ८ ऑगस्ट १९४९ ला तिथेच उल्हासनगरची कोनशिला बसली. मोटवाने काही कॅम्पातले नव्हेत, त्यांचा धंदा मुंबईत आधीच जमलेला होता. तरी ज्या सिंधमधून सभांचा आवाज निघाला तिथलेच लोक पुढे आमच्या रुळांपलीकडे राहायला आले. आज त्याच बाजारात काकांचा मुलगा बॉक्सचे भाव विचारत फिरतोय.

सभा आणि मिरवणूक ह्यांत मात्र एक फरक आहे, आणि अभ्यासक तो हमखास विसरतात. (मीही पहिल्या मसुद्यात विसरले होते, लाल शाई त्याचीच.) सभेत माणसं येतात आणि आवाज जागेवर असतो. पन्नास भोंगे खांबांवर बांधा, लांब वायरी टाका, एकदा बांधलं की झालं. मिरवणुकीत आवाजच चालतो. त्याला लागणारी वीज चालली पाहिजे, तो उचलणारा माणूस चालला पाहिजे आणि वाजवणाऱ्यानं त्या सगळ्याच्या मागेपुढे चालत स्वतःला ऐकलं पाहिजे. वाहून नेण्याजोगा साउंड म्हणजे नुसता लहान साउंड नव्हे. त्यात बॅटरी, गाडी आणि माणसं ह्यांचं एक वेगळंच गणित असतं.

हे गणित आपल्याकडे सुटलं ते बारा व्होल्टवर. दिल्लीची अहुजा रेडिओज ही कंपनी १९४० ची. तिची मशीन्स घरच्या विजेवर चालतात तशी बारा व्होल्टच्या बॅटरीवरही चालतात. गावोगावचा मंडपवाला, रिक्षातून प्रचार करणारा कार्यकर्ता, भजनी मंडळ आणि बेंजो पार्टी हे सगळे ह्या एका सोयीवर उभे राहिले. इतके, की आमच्याकडे अजूनही 'अहुजा काढ रे माळ्यावरून' म्हणतात, मग मशीन कुठल्या का कंपनीचं असेना. हातगाडी, तिच्यावर ट्रकची जुनी बॅटरी, एक मशीन, बांबूला बांधलेले दोन भोंगे. झाला साउंड. काकांची सुरुवात अशीच झाली.

आता भोंगाच का? कारण भोंगा कंजूष आहे. एक वॅट दिला तर एक मीटरवर साधारण १०५ ते ११० डेसिबल आवाज देतो. साधा बॉक्स तेवढ्याच विजेत ९५ च्या आसपास. फरक दहा-बारा डेसिबलचा वाटतो, पण दहा डेसिबल म्हणजे दहापट वीज. म्हणजे चाळीस वॅटचा भोंगा जे करतो त्याला बॉक्सला चारशे वॅट लागतील. बॅटरीवर चालायचं तर दुसरा पर्यायच नव्हता.

ह्या कंजुषीची किंमत म्हणजे भोंग्याला खालचा सूर येत नाही. काहीशे हर्ट्झच्या खाली तो जवळजवळ गप्प असतो. माणसाचं बोलणं त्यातून खणखणीत येतं, तारेचा टणत्कार येतो, बेस येतच नाही. आणि इथेच मला माझ्या प्रकरणाचा धागा सापडला. बेंजोची धातूची तार ज्या पट्ट्यात बोलते, भोंगा नेमका त्याच पट्ट्यात चांगला वाजतो. दोघांची जोडी अगदी जमून आली. उलट ढोलाचा 'धुम्' भोंग्यातून काढायला गेलात तर पत्र्याचा डबा वाजल्यासारखं होतं. त्यामुळे ढोल, ताशा, ढोलकी ह्यांना माइक लावायची कुणाला गरजच वाटली नाही. सूर मशीनमधून, ताल माणसांच्या हातांतून, अशी वाटणी पडली. वरती भोंगा, खाली ढोल. ही वाटणी कुणी बसून ठरवलेली नव्हती, ती भोंग्याच्या पत्र्यानं ठरवली. आणि त्या वाटणीत चार-पाच वादकांची रोजी होती.

ग्रेगरी बूथ ह्यांनी भारतातल्या बँडवाल्यांवर 'ब्रास बाजा' (२००५) नावाचं अख्खं पुस्तक लिहिलंय. ते वाचताना मला सारखं जाणवत होतं, की वादकांचा इतिहास हा बराचसा त्यांच्या हातगाडीचा इतिहास आहे. त्या गाडीवर काय ठेवायचं, हे मालक ठरवतो.

परदेशात हाच प्रश्न वेगळ्या टोकानं आला. १५ ऑगस्ट १९६५ ला बीटल्स न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये पंचावन्न हजारांपुढे गायले. गिटारींना शंभर-शंभर वॅटचे अॅम्प्लिफायर आणि गाणं स्टेडियमच्या, म्हणजे बेसबॉलची धावसंख्या सांगायच्या भोंग्यांतून. कुणाला काही ऐकू आलं नाही. लहान बँडसाठी स्वतःचा, गाडीत घालून नेण्याजोगा साउंड अशी वेगळी वस्तू १९६७ मध्ये शुअर कंपनीच्या 'व्होकल मास्टर'नं बाजारात रुळवली. सहा माइक लागतील असं एक मशीन आणि दोन उंच कॉलम. कॉलममध्ये स्पीकर एकावर एक रचलेले असतात. त्यामुळे आवाज आडवा पसरतो आणि वर-खाली फार सांडत नाही. आपल्याकडे देवळात, सभागृहात भिंतीला टांगलेले लांब डबे दिसतात ते ह्याच जातीचे. पण कॉलम उभा करून ठेवायचा असतो. खड्ड्यांतून ढकलायच्या हातगाडीवर तो काही टिकला नाही.

आपल्याकडे वाटणी मोडली ती दोन जपानी वस्तूंनी. १९८० मध्ये कॅसिओचा पहिला कीबोर्ड आला आणि १९८५ मध्ये रोलँडचा ऑक्टोपॅड. आपल्या गल्लीत त्या लगेच आल्या असं नाही, पण आल्या तेव्हा कायमच्या आल्या. ऑक्टोपॅड म्हणजे आठ रबरी चौकोन. काठी मारली की साठवलेला आवाज येतो, ढोल म्हणा, ढोलकी म्हणा, काच फुटल्याचा म्हणा. हा ढोल भोंग्यातून येईना. त्याला बॉक्स हवा, मोठा कोन हवा. आणि बेसला वीज लागते, भरपूर लागते. आपला कान खालच्या सुरांना बहिरा आहे. बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन ह्यांनी १९३३ मध्येच हे मोजून ठेवलंय. वरचा सूर आणि खालचा सूर सारखाच मोठा वाटावा तर खालच्याला कितीतरी जास्त जोर द्यावा लागतो. मग बॅटरी पुरेना, जनरेटर आला. जनरेटर हातगाडीवर मावेना, टेम्पो आला. टेम्पोला ड्रायव्हर, जनरेटरला पोरगा, मिक्सरला ऑपरेटर. वाजवणारे सातांचे चार झाले आणि न वाजवणारे तीन वाढले. माणसं तेवढीच राहिली, फक्त पैसा वादकांकडून साउंडवाल्याकडे सरकला. काकांना साउंड विकत का घ्यायचाय ते कळलं ना आता?

ह्यात एक गंमत आहे ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. कोल्हापूर-सांगलीकडे ह्या भिंतीएवढ्या बॉक्सना 'डॉल्बी' म्हणतात. 'डॉल्बीमुक्त गणेशोत्सव' अशा मोहिमा निघतात. हे रे डॉल्बी साहेब १९६३ ते १९६५ भारतात होते, युनेस्कोतर्फे चंदीगडला वैज्ञानिक उपकरणांच्या संस्थेत. इथून गेल्यावर १९६५ मध्येच त्यांनी लंडनमध्ये कंपनी काढली. कंपनीचा पहिला शोध काय? टेपवरचा नको असलेला आवाज कमी करायचा. गोंगाट घटवणाऱ्या माणसाचं नाव आपण गोंगाटाला दिलं!

गोंगाटावरून कायदा आठवला, कारण काकांच्या मुलाला वाटत होतं की बॅटरीवरचा छोटा बॉक्स असेल तर परवानगी लागत नाही. लागते. केंद्राचे ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. त्यात लाउडस्पीकर किंवा कुठलीही जाहीर ध्वनियंत्रणा लेखी परवानगीशिवाय वापरता येत नाही. यंत्र केवढं आहे हे तिथे विचारत नाहीत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर बंद, वर्षातले ठरावीक, जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट. राहत्या वस्तीची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर ह्यांनी केलेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१६ मध्ये सविस्तर निकाल दिला, आणि २०१८ च्या विसर्जनाला साउंडवाल्यांच्या संघटनेनं डीजेवरची बंदी उठवायला सांगितलं तेव्हा न्यायालयानं नकार दिला. त्या बंदीवर चर्चा झाली ती मंडळं विरुद्ध पोलीस अशी. मधले वादक कुणी धरलेच नाहीत. मोठा डीजे बंद झाल्यावर काही ठिकाणी ढोल-ताशे आणि बेंजो पार्ट्यांना पुन्हा बोलावणी आली, असं मला निदान चार वादकांनी सांगितलं. कायद्यानं नकळत जुनी वाटणी थोडी परत आणली म्हणायची.

असो. एवढं सगळं घेऊन मी काकांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं, पण घेऊ काय?"

मग एका रविवारी दुपारी आम्ही गल्लीत चाचणी घेतली. काकांच्या माळ्यावरचं जुनं बारा व्होल्टचं मशीन आणि भोंगा, भाड्यानं आणलेला पंधरा इंची बॉक्स आणि ओळखीच्या एका गायकाचा बॅटरीवरचा कॉलम. मोबाइलवर डेसिबलचं अॅप घेतलं होतं, पण ते अंदाजापुरतं. खरं माप म्हणजे गल्लीच्या टोकाला खुर्ची टाकून बसलेल्या आजी.

बॉक्सवर लिहिलेला वॅटचा आकडा बघून सगळे खूश होते. त्यावर मला बोलावं लागलं. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त तीन डेसिबलनं वाढतो, कानाला जेमतेम जाणवेल एवढा. अंतर दुप्पट केलं तर उघड्यावर सहा डेसिबलनं घटतो. नव्वदीत टेपरेकॉर्डरवर 'पीएमपीओ' म्हणून हजारांचे आकडे छापायचे ते आठवत असतील तुम्हाला. घरच्या प्लगमधून तेवढी वीज आली असती तर बिल्डिंगचे दिवे गेले असते. बघायचं ते आरएमएस, म्हणजे सतत टिकणारी ताकद. आणि त्याहून आधी बघायचं ते एका वॅटला किती डेसिबल. कागदपत्रात हा आकडा बारीक अक्षरांत असतो, कारण तोच खरा असतो.

भोंगा लावला. बेंजो थेट आजींपर्यंत गेला. मधे कर्जत लोकल धडधडत गेली तरी सूर तुटला नाही. पण बेंजो वाजवणाऱ्या काकांचा चेहरा कसनुसा झाला, कारण भोंग्याचं तोंड पुढे आणि ते मागे. बॉक्स लावला. बेस आला, पोरं खूश. पण खिडक्यांचे गज वाजायला लागले आणि ढोलकीवाला दोन मिनिटांत थांबला. म्हणे, "माझी मलाच ऐकू येत नाही." कॉलम लावला. सगळ्यांना सगळं स्पष्ट ऐकू आलं, अगदी छान, पण दोन ढोल सुरू झाल्यावर कॉलम त्यांच्याखाली गेला. भजनाला, हॉलमधल्या पाच जणांच्या बँडला मी डोळे मिटून कॉलम सांगेन. चालत्या वरातीला नाही.

आणि मग एक गोष्ट कळली जी मला कुठल्याही कागदात सापडली नव्हती. काकांना उजव्या कानानं कमी ऐकू येतं. मी कॉलमच्या उजवीकडून बोलत होते आणि ते सारखे मान वळवत होते. "हातगाडी नेहमी ह्याच बाजूला असायची ना," ते म्हणाले. तीस वर्षं, एकच बाजू. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्याच्या मापानुसार ८५ डेसिबलमध्ये आठ तास चालतात, दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. वरात चार तासांची असते. ह्या संपूर्ण इतिहासात श्रोत्याच्या कानावर कोर्टात वाद झालेत. वादकाच्या कानाचं मोजमाप माझ्या टिपणांत तरी कुठेच नाही. प्रकरणात ते आता येईल.

संध्याकाळी चहावर बरीच वादावादी झाली. मुलगा म्हणाला, "पप्पा, लोकांना बेस पाहिजे, नाहीतर सुपारी दुसऱ्याला जाते." तो चुकत नव्हता. पुतण्या काहीच बोलला नाही, ढोलाची दोरी ओढत बसला. मग मी हिशेब मांडला. मोठे दोन बॉक्स आणि बेसचे डबे घेतले तर साठ हजारांत तेवढं बसेल, पण टेम्पो आणि जनरेटर दर सुपारीला भाड्यानंच आणावा लागेल. म्हणजे साउंड आपला होऊनही भाडं चुकत नाही. उलट आवाज हातगाडीवर मावेल एवढाच ठेवला तर बेस कुठून आणायचा? तर तो आहेच की, दोन ढोल. त्यांना ना बॅटरी लागते ना वायर, आणि खालच्या सुरासाठी त्यांच्याइतकं स्वस्त यंत्र अजून कुणी काढलेलं नाही. ऑक्टोपॅडवर पोरानं वरचे आवाज वाजवावेत, टाळ्या, घुंगरू, चमचमाट. ढोलाला हात लावायचा नाही.

काका हसले. "म्हणजे ढोल राहिले."

शेवटी घेतला तो बॅटरीवर चालणारा बारा इंची एकच बॉक्स, ज्याच्या पोटातच मशीन आहे, आणि चार माइकचा छोटा मिक्सर. खर्च साठ हजारांच्या बराच आत. उरलेल्या पैशातून एक जादा बॅटरी आणि सात जणांसाठी कानात घालायचे बोळे. बोळे पोरांनी पहिल्याच दिवशी खिशात ठेवले, ते वेगळं.

गेल्या आठवड्यात मलंगगडाच्या रस्त्यावरच्या एका गावात हळद होती, मी गाडीमागे चालत गेले. बॉक्स गाडीच्या नाकावर, तोंड पुढे. जुना भोंगा त्यांनी विकला नाही. तो गाडीच्या मागच्या बांबूला बांधलाय, आवाज अगदी बारीक करून, तोंड मागे. मी विचारलं, "मागे कोण ऐकणार? पब्लिक तर पुढे नाचतंय." पुतण्यानं ढोल खांद्यावर चढवता चढवता सांगितलं, "पब्लिकसाठी नाही ताई. आम्हाला बेंजो ऐकू यायला पाहिजे ना."